तुकडा काढायचा म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ५२, राहणार डोंबिवली. पाळी थांबून दोन वर्षं झाली. उजव्या स्तनात सुपारीएवढी गाठ हाताला लागली, दुखत नाही. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये १८ मिलिमीटरची गाठ, १० ओ'क्लॉक, बायरॅड्स ४बी असं लिहून बायोप्सी करायला सांगितलं आहे. सासूबाई म्हणतात, सुई लावली की पसरतो. ओळखीचे डॉक्टर म्हणतात, कशाला सुई, गाठच काढून टाकू आणि मग तपासू. मला शुगरची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन ७५ चालू आहे. खूप दुखतं का? आणि बारा दिवसांवर घट बसतायत, नवरात्र झाल्यावर केलं तर चालेल का?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नवरात्राआधीच करून घ्या. दोन-तीन आठवड्यांनी गाठीचं भवितव्य फिरत नाही, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते, त्यामुळे घाबरून आज रात्री धावत सुटायचं कारण नाही. पण बावीस वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून हे काम करताना मी पाहिलंय, नवरात्रानंतर म्हणणारी बाई दिवाळीनंतर म्हणते, दिवाळीनंतर भाचीचं लग्न निघतं, आणि ती माझ्या टेबलावर येते तेव्हा सुपारीचं लिंबू झालेलं असतं. बारा दिवसांत सुईने तुकडा काढून (बायोप्सी म्हणजे हेच) पहिला रिपोर्टही हातात येतो. घट बसताना डोक्यात भुंगा नको.

आता रिपोर्टातले दोन शब्द. "१० ओ'क्लॉक" ही वेळ नाही. एक आजी खरंच सकाळी दहाच्या ठोक्याला येऊन बसल्या होत्या, "रिपोर्टात दहाला बोलावलंय" म्हणून! स्तन हे घड्याळाची तबकडी समजून गाठीची जागा सांगायची आमची पद्धत आहे. उजव्या बाजूला १० म्हणजे वर, काखेच्या अंगाला. आणि बायरॅड्स ४बी म्हणजे कॅन्सरची ४बी स्टेज नव्हे. हा गोंधळ इतका होतो की तो शब्द वाचून रात्रभर रडलेल्या बायका मी पाहिल्यात. बायरॅड्स हा फोटो बघून रेडिओलॉजिस्टने दिलेला संशयाचा आकडा आहे. ३ म्हणजे संशय दोन टक्क्यांच्या आत, लक्ष ठेवू. ५ म्हणजे पंच्याण्णव टक्के किंवा त्याहून जास्त. ४ हा मधला मोठा पट्टा. त्यात ४बी म्हणजे अशा शंभर गाठींमध्ये दहा ते पन्नास कॅन्सरच्या निघू शकतात. उरलेल्या साध्या. हा पट्टा एवढा रुंद आहे म्हणूनच तुकडा काढायचा. फोटो इथपर्यंतच सांगू शकतो.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. गेल्या पिढीत बाई डॉक्टरकडे यायचीच मुळी गाठ कातडीवर फुटल्यावर. तेव्हा सुई लावली जायची आणि चार-सहा महिन्यांत बाई जायची. घरच्यांनी पाहिलेला क्रम असा: सुई, मग मरण. आधीची दोन वर्षं गाठ आतल्या आत वाढत होती, ती कुणी पाहिलेली नसते. सुईच्या वाटेवर काही पेशी सांडू शकतात हे खरं आहे, सूक्ष्मदर्शकाखाली त्या कधीकधी दिसतातही. पण सुईने बायोप्सी केल्यामुळे बायका कमी जगतात असं दिसलेलं नाही. जगभर स्तनाच्या गाठीचं निदान आज याच रस्त्याने होतं, आणि परळच्या टाटालाही उपचार ठरवण्याआधी तुकड्याचा रिपोर्ट लागतो. सासूबाईंना सोबत घेऊन या. मी त्यांना सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दाखवते, त्यांची समजूत तुमच्यापेक्षा लवकर पटेल.

ओळखीच्या डॉक्टरांशी मात्र मी वाद घालणार. "गाठच काढून टाकू" हे ऐकायला सुटसुटीत वाटतं. गाठ साधी निघाली तर तुम्ही भूल, टाके आणि व्रण उगाच सोसलात. कॅन्सरची निघाली तर गोष्ट जास्त बिघडते, कारण कॅन्सरचं ऑपरेशन साध्या गाठीसारखं करत नाहीत. भोवती निरोगी कडा ठेवून काढावं लागतं, काखेतल्या गाठी तपासाव्या लागतात, छेद कुठे घ्यायचा याचा आधी विचार लागतो, काही वेळा आधी केमो देऊन गाठ लहान करून मग हात लावतात. गाठ आधीच उपटून टाकली असेल तर हे सगळे दरवाजे अर्धे बंद होतात आणि दुसरं ऑपरेशन जवळजवळ ठरलेलंच.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. एका लहान नर्सिंग होममध्ये गाठ काढली होती. काढलेला गोळा सलाईनच्या बाटलीत घालून नवऱ्याच्या हातात दिला, "लॅबमध्ये टाका". रविवार होता, लॅब बंद. बाटली सोमवार दुपारपर्यंत घरातल्या कपाटावर. रिपोर्ट आला: पेशी खराब झाल्यामुळे मत देता येत नाही. गाठ गेली, निदानही गेलं. मी त्या रिकाम्या जागेची सोनोग्राफी करत होते आणि त्या विचारत होत्या, "मॅडम, आता कळेल ना काय होतं ते?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून या बाबतीत माझा आवाज जरा चढतो, सांभाळून घ्या.

सुईतही दोन प्रकार आहेत आणि चिठ्ठीवर कुठला लिहिलाय ते बघा. एफएनएसी म्हणजे इंजेक्शनच्या बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरायच्या. स्वस्त, झटपट, काखेतल्या गाठीसाठी अजूनही उपयोगी. पण त्यात सुट्या पेशी मिळतात, त्यांची मांडणी मिळत नाही. रांगोळीचे रंग चिमटीत आले तरी रांगोळी काय होती ते कळत नाही, तसं. कॅन्सर असलाच तर तो दुधाच्या नळीतच आहे की भिंत ओलांडून बाहेर आलाय, हे एफएनएसीवर सांगता येत नाही. त्यासाठी तुकडाच लागतो. तुमच्यासाठी योग्य ती सोनोग्राफीखालची कोअर बायोप्सी, "ट्रू-कट" असंही लिहितात.

ज्यांना गाठ हाताला लागत नाही, फक्त मॅमोग्राफीवर मिठाच्या कणांसारखे चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात, त्यांची बायोप्सी बहुधा मॅमोग्राफीच्याच मदतीने, जाड सुई आणि व्हॅक्यूम लावून होते. ती वेगळी, जरा लांबणारी; तुमचा तो विषय नाही.

तयारी. उपाशी येऊ नका! भूल फक्त जागेपुरती असते, पोट रिकामं ठेवायची गरज नसते. माझ्याकडे चक्कर येणाऱ्या बायकांत निम्म्या मार्गशीर्षातला गुरुवार नाहीतर चतुर्थी धरून आलेल्या असतात. त्यातून तुम्हाला शुगर. पोळी-भाजी खाऊन, नेहमीची गोळी घेऊन या. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हृदयासाठी किंवा स्टेंटसाठी असेल तर बंद करणं सुईपेक्षा धोक्याचं. अ‍ॅस्पिरिनवर आम्ही बहुतेक वेळा बायोप्सी करतो, फक्त नंतर दाबून जास्त वेळ धरतो. वॉरफॅरिन किंवा रक्त पातळ करणारी तसली दुसरी गोळी असेल तर आधी रक्ताची तपासणी आणि तुमच्या फिजिशियनशी बोलणं होतं. फोनवर वेळ घेतानाच गोळ्यांची नावं वाचून दाखवा. भूल देणाऱ्या औषधाची, लिग्नोकेनची, अ‍ॅलर्जी कधी आली असेल, दातवाल्याकडे भूल दिल्यावर त्रास झाला असेल, तर तेही सांगा.

पुढे उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, काखेत पावडर किंवा डिओ नको. जुने सगळे फोटो आणा, रिपोर्टचा कागद एकटा पुरत नाही. मंगळसूत्र काढायची सक्ती सोनोग्राफीखालच्या बायोप्सीत नसते, आम्ही ते मागे सरकवून चिकटपट्टीने मानेला लावतो. एका काकूंनी मात्र पूर्ण वेळ वाट्या डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवल्या होत्या, नंतर बघितलं तर तळव्यावर त्यांचे दोन गोल ठसे.

आत नेल्यावर उताणं झोपायचं, उजव्या कुशीखाली उशी, उजवा हात डोक्यामागे. शुगरवाल्यांचे खांदे बऱ्याचदा आखडलेले असतात, हात तितका वर जात नसेल तर आधीच सांगा, आम्ही आधार देऊ. थंड जेल, प्रोब फिरतो, गाठ पडद्यावर दिसते. कातडी जंतुनाशकाने पुसतात, वर हिरवं कापड. मग भूल. ती देताना चावरी मुंगी चावल्यासारखं होतं आणि दहा-पंधरा सेकंद आग होते. खरं दुखणं म्हणाल तर एवढंच. दोन-तीन मिनिटांत जागा बधिर होते. मग पातीने तीन-चार मिलिमीटरचा छेद, टाका लागत नाही इतका. त्यातून सुई जाते. ती साधारण दोन मिलिमीटर जाडीची, आम्ही तिला १४ गेज म्हणतो. आतल्या खाचेत तुकडा अडकतो आणि बाहेरचं पातं स्प्रिंगच्या जोरावर त्याला कापून बंद होतं.

या स्प्रिंगचा आवाज हा खरा खलनायक आहे. खट्! स्टेपलर जोरात मारल्यासारखा. न सांगता वाजला तर बाई दचकते, आणि सुई आत असताना दचकणं नको. म्हणून मी आधी हवेत एकदा वाजवून दाखवते, आणि प्रत्येक वेळी "आता वाजेल" म्हणते. दाब कळतो, ढकलल्यासारखं होतं, टोचल्यासारखं होऊ नये. झालंच तर गप्प सोसू नका. आपल्या बायकांना सोसायची फार सवय. भूल आणखी देता येते, बाटली तिथेच असते.

असे चार ते सहा तुकडे काढतो. बघायची हिंमत असेल तर बघा: शिजलेल्या शेवयांसारखे, पांढुरके, दीड-दोन सेंटिमीटर लांब. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मेलिनच्या डबीत टाकल्यावर गाठीचा तुकडा बहुतेक वेळा तळाला जातो, नुसती चरबी तरंगते. म्हणून मी प्रत्येक तुकडा डबीत पडताना बघते. सगळेच तरंगत असतील तर माझा नेम चुकलाय, परत घ्यायला हवं. काही वेळा गाठीच्या जागी तिळाएवढी टायटॅनियमची खूण, क्लिप, सोडतात. गाठ फार लहान असेल किंवा पुढे केमोने विरघळायची शक्यता असेल तेव्हा. ती आत राहते, एमआरआयला चालते, विमानतळावर वाजत नाही.

सगळं मिळून अर्धा तास, त्यात सुईचं काम दहा मिनिटांचं. मग नर्स दहा मिनिटं तळव्याने घट्ट दाबून धरते. या दहा मिनिटांचा कंटाळा करू नका, पुढचा काळानिळा डाग त्यावरच ठरतो.

संमतीपत्रावर सही तुमची. मिस्टरांची नाही, मुलाची नाही. कुणी "घरच्यांना पाठवा सहीला" म्हणालं तर शांतपणे पेन मागा. आणि डबी लॅबमध्ये तुम्हाला पोचवायला सांगितली, लहान ठिकाणी अजून सांगतात, तर लेबलवर नाव, वय, उजवी बाजू, जागा आणि तुकडा डबीत टाकल्याची वेळ लिहिलीय ना ते स्वतः वाचा. द्रव फॉर्मेलिनच असायला हवा, पाणी किंवा सलाईन नको. त्याच दिवशी पोचवा. तुकडा फॉर्मेलिनमध्ये सहा तासांपेक्षा कमी किंवा बहात्तर तासांपेक्षा जास्त राहिला की पुढच्या हार्मोनच्या तपासण्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

घरी जाताना. दादरहून संध्याकाळची फास्ट पकडायचा विचार सोडा. लेडीज डब्यात कोपर नेमकं तिथेच बसतं. दुपारची वेळ घ्या, स्लो मिळाली तर उत्तम, खिडकीला बसा, सोबत कुणीतरी उजव्या बाजूला. घट्टसर ब्रा रात्रीही राहू द्या, तिचा आधार दुखणं कमी करतो. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं, दुखल्यास पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, त्याने रक्त जास्त सुटू शकतं. पट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत कोरडी. दोन दिवस बादली, पाट्यावरचं वाटण, घराची झाडझूड उजव्या हाताने नको. (नवरात्राआधीची साफसफाई मुलांना करू दे, घर पडत नाही.) निळा, मग हिरवा, मग पिवळा डाग आठ-पंधरा दिवस राहतो आणि पार खालपर्यंत उतरतो, तो बघून घाबरू नका. आणि हो, पाकीट आणि मोबाईल ब्लाउजमध्ये खोचायची सवय तेवढे दिवस बंद.

फोन कधी करायचा? तासाभरात स्तन एका बाजूला भराभर फुगत गेला, दाबूनही रक्त थांबेना, नंतरच्या दिवसांत ताप, लाली किंवा पू आला, तर. दम लागणं फारच क्वचित होतं, पण लागला तर थेट हॉस्पिटल.

रिपोर्ट. साधा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तीन-चार दिवसांत येतो. त्यात कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी हार्मोनला दाद देतात का) आणि हर-टू (पेशी वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या होतात, त्याला आणखी काही दिवस. हर-टू "२+" आलं तर ते अधांतरी समजतात आणि फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. यात दिवस जातात म्हणजे काहीतरी भयंकर लपवतायत असा अर्थ काढू नका. ईआर-पीआर असेल तर हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग होतो, हर-टू असेल तर त्याच्यावरची वेगळी इंजेक्शनं आहेत, म्हणून हा खटाटोप. पैशाचं विचारताना बायोप्सी, पॅथॉलॉजी आणि या पुढच्या तपासण्या असे तीन आकडे वेगवेगळे विचारा. बिलं वेगळी होतात आणि तिसऱ्याला लोक चकित होतात.

"डीसीआयएस" लिहिलं असेल तर पेशी नळीतच आहेत. "इन्व्हेसिव्ह" म्हणजे नळीबाहेर आल्यात. तो शब्द "शरीरभर पसरलाय" या अर्थाने वाचू नका. स्तन काढावाच लागेल असंही त्यातून ठरत नाही, १८ मिलिमीटरच्या गाठीला बऱ्याच जणींचा स्तन राखून ऑपरेशन होतं.

"मला उशीर झाला का" हे तुम्ही विचारलं नाही, पण हाताला लागलेल्या गाठीने येणाऱ्या प्रत्येकीच्या मनात ते असतं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा अभ्यास केला. मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षण दिलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासायचं. २०२१ मध्ये वीस वर्षांचा हिशेब छापला गेला: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. तुम्ही ५२ च्या. हाताला सुपारीएवढी असताना लागली आणि तुम्ही लगेच फोटो काढलात, यात उशीर कुठे?

रिपोर्ट दुसरीकडे दाखवायचा असेल तर कागद पुरणार नाही. लॅबमधून स्लाइड (काचपट्ट्या) आणि तुकडा ज्यात बसवलेला असतो ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते देतात. टाटाला बाहेरून आलेल्या पेशंटचे स्लाइड-ब्लॉक त्यांचे पॅथॉलॉजिस्ट स्वतः परत बघतात. ते सोबत असले की नवीन सुई बहुतेक वेळा टळते. उन्हात ठेवू नका, मेण आहे.

रिपोर्ट घ्यायला स्वतः या. "आईला सांगू नका, आम्हाला सांगा" म्हणणारी मुलं रोज येतात, प्रेमाने म्हणतात. मी पेशंटलाच सांगते, आणि आधी विचारते, सोबत कोण हवं.

राहिली साधी गाठ निघाल्याची शक्यता, आणि ती चांगलीच मोठी आहे. तेव्हा पेढे वाटायच्या आधी एक करायचं: तो रिपोर्ट बायोप्सी करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे परत न्यायचा. फोटोत दिसलेला संशय आणि तुकड्यात सापडलेलं कारण, दोन्ही जुळतात का हे ती ताडून बघते. फोटो वाईट दिसत होता आणि तुकड्यात नुसती चरबी आली, तर सुई गाठीच्या शेजारून गेली असं समजून परत घ्यावं लागतं. "अ‍ॅटिपिकल" (पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण कॅन्सर म्हणता येत नाही) हा शब्द असेल तर सर्जनला दाखवा, त्यात बऱ्याचदा जागा थोडी जास्त काढून तपासतात. दोन्ही जुळलं आणि फायब्रोअ‍ॅडिनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) किंवा तसलं काही निघालं, तर सहा महिन्यांनी फक्त सोनोग्राफी. सहा महिने म्हणजे चैत्र उजाडेल, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या धांदलीत ही तारीख हमखास निसटते, तेव्हा नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की त्या दिवशीच त्यावर पेनाने गोल करा.